गुरुवारची गाडी आणि पेट्रोलचा वास

पेट्रोलचा वास पहिल्यांदा आईला आला. दुपारच्या कॉफीसाठी स्टोव्ह पेटवायला तिनं काडीपेटी हातात घेतली होती. काडी न ओढता ती तशीच मागच्या दारात आली आणि विचारलं, "पेट्रोल कोण सांडलं गे?"

कोणीच सांडलं नव्हतं. मी आणि माझे वडील, अप्पा, नुकतेच ओरत्तनाडू गावाहून परतलो होतो आणि गाडी तिच्या जागी, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या शेडमध्ये उभी होती. शेडवर नारळाच्या झापांचं छप्पर होतं, उन्हानं वाळून कागदासारखं झालेलं. भिंतीच्या एका बाजूला आईचा स्टोव्ह, दुसऱ्या बाजूला गाडीचं तापलेलं इंजिन. अप्पांनी बॉनेट उघडलं. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारा कार्ब्युरेटर, मुठीपेक्षा थोडा मोठा तो धातूचा डबा, सगळा ओला होता. त्याच्या पोटाखाली एक थेंब लोंबत होता. तो पडला, आणि आम्ही बघत असतानाच दुसरा तयार झाला.

"काडी ओढली असती तर?" आई म्हणाली.

गाडी आजोबांची. ते डॉक्टर होते आणि तिच्यातून खेड्यापाड्यांत जात. गोल मडगार्ड, पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. मी म्हणते त्या काळात गावात नव्या चकचकीत छोट्या गाड्या येऊ लागल्या होत्या, कर्जावर मिळत होत्या, आणि आमच्या गल्लीत जो तो अप्पांना विचारी, "अजून ही कशाला ठेवली?" राजवाड्यामागची आमची गल्ली इतकी अरुंद की गाडी बाहेर काढताना समोरच्या घरच्यांना ओट्यावरचे पाय वर घ्यावे लागत. विचारायचा त्यांना हक्कच होता.

अप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि त्यांचा उजवा हात कापायचा. त्यामुळे गाडी मी चालवायचे. तेव्हा मी कॉलेज संपवून घरी होते, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. दर गुरुवारी आम्ही ओरत्तनाडूला आत्याकडे जायचो. आत्या अप्पांची मोठी बहीण, तिला जवळजवळ दिसत नसे. आमची गाडी वळणावर आली की आवाजावरून ओळखून ती दारात येऊन उभी राही. बसच्या गर्दीत अप्पांना दांडी धरता येत नसे, म्हणून गाडी नसती तर गुरुवारही नसता.

माझ्यासाठी गुरुवारचं आणखी एक कारण होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, आणि घरात आई-अप्पांची, तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या टिकलेली मराठी, जी मला सगळी कळायची पण बोलताना मी दोन शब्दांवर थांबायचे. नात्यातल्या बायका हसायच्या, "ही बोलते की तार पाठवते?" मग मी तमिळमध्ये उत्तर द्यायचे किंवा देतच नसे. गाडीत तसं होत नसे. गाडी चालवणाऱ्याला समोर बघावं लागतं, कोणाच्या चेहऱ्याकडे नाही. अप्पाही समोर बघत. मी एक वाक्य अर्धवट सोडलं की ते थोडं थांबून पुढचा शब्द हलकेच ठेवून देत, जसं कोणी पाटाशेजारी पाण्याचं भांडं ठेवतं. त्या रस्त्यावर, भातशेतांच्या मधून जाताना, मी पहिल्यांदा मराठीत पूर्ण वाक्यं बोलले. आज पुण्यात बसून हे देवनागरीत लिहिते आहे. अक्षरं मी इथं येऊन शिकले, पण भाषा मला त्या गाडीत मिळाली.

पेट्रोलचा वास आला त्या पहिल्या गुरुवारी आयुधपूजा होऊन तीन-चार दिवस झाले होते. आयुधपूजेला आमच्याकडे गाडीला अंघोळ घालतात, पुढे केळीचे खुंट बांधतात, चाकांखाली लिंबं ठेवून चिरडतात आणि दिव्यांना, स्टिअरिंगला, इंजिनाला चंदनाचे टिळे लावून वर कुंकू टेकवतात. दरवर्षी हे अप्पा करत. त्या वर्षी चंदनाची वाटी त्यांच्या हातात डुगडुगली आणि थोडं चंदन बॉनेटवर सांडलं. त्यांनी वाटी माझ्याकडे दिली. मी फार जपून ते काम केलं. नुसतं चंदन वाळलं की गळून पडतं हे दरवर्षी बघत आले होते, म्हणून उगाळलेल्या चंदनात मी हळद आणि चिमूटभर तांदळाचं पीठ घातलं. टिळे अगदी गोल आले. कार्ब्युरेटरच्या झाकणावर तर कुंकवासाठीच केल्यासारखा एक बारका खळगा होता, तिथं मी सगळ्यांत नेटका टिळा लावला. आणि आमच्यात पूजेचा टिळा कोणी पुसत नाही. तो आपोआप पडेल तेव्हा पडेल.

गाडी भाईंकडे गेली. खंदकाच्या कडेला त्यांचं गॅरेज होतं. सगळं गाव त्यांना भाईच म्हणे, आणि माझ्या लहानपणापासून गाडीला हात लावणारे ते एकटेच. आम्ही त्यांच्याशी तमिळमध्ये बोलायचो. त्यांनी चालू इंजिनाजवळ बराच वेळ वाकून बघितलं. कोरडं. बंद करून, गाडी निवल्यावर बघितलं. कोरडं.

"कुठे गळतंय, पाप्पा?" ते मला म्हणाले. लहान मुलीला तमिळमध्ये पाप्पा म्हणतात. "तुझ्या आईचं नाक गळत असेल."

पण त्यांनी काम मनापासून केलं. कार्ब्युरेटर उघडून आतला पितळी तरंगता गोळा कानाशी हलवून बघितला, मग उकळत्या पाण्यात बुडवला. त्याला बारीक छिद्र असतं तर बुडबुडे आले असते. आले नाहीत. पेट्रोल आत घेणारी सुईची झडप त्यांनी बदलली, झाकणाखालचं, फट बुजवणारं गॅस्केट नवं घातलं आणि सगळा डबा फडक्यानं पुसून लख्ख केला. फक्त माझ्या टिळ्याभोवतीनं त्यांचं बोट वळून गेलं.

"ते राहू दे. पूजेचं आहे," ते म्हणाले. "आपला हात काळा."

मला ते फार आवडलं होतं, हे मला आठवतं.

पुढच्या गुरुवारी तेच झालं. आत्याकडून निघताना गाडी सुरूच होईना, इंजिनात पेट्रोल भरून राहिल्यासारखी खोकत राहिली. अर्ध्या तासानं निघालो. घरी येऊन शेडमध्ये लावली, आणि पंधरा मिनिटांत थेंब.

त्या संध्याकाळी आईनं आवाज न चढवता सांगितलं, "भिंतीच्या अलीकडे माझा स्टोव्ह राहील, नाहीतर पलीकडे तुमची गाडी. दोन्ही राहायचं नाही." तिचं काही चुकत नव्हतं. झापांकडे बघितलं की मलाही भीती वाटायची, आणि गल्लीत दुसरीकडे कुठे गाडी उभी करायला जागा नव्हती.

दोन दिवसांनी त्रिचीचे एक हॉटेलवाले आले. त्यांना नव्या हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायला जुनी गाडी हवी होती. "चालली नाही तरी चालेल, सार. झेंडूच्या कुंड्यांमध्ये ठेवू." अप्पांनी त्यांना कॉफी दिली आणि म्हणाले की येत्या शुक्रवारपर्यंत गळती सापडली नाही तर घेऊन जा. हॉटेलवाले शुक्रवारी लॉरी पाठवणार म्हणून ठरलं. अप्पा एकदा बोलले की बदलत नसत. त्यानंतर ते ओट्यावर बसून राहिले आणि कापणारा हात दुसऱ्या हातात धरून ठेवला. मी दारातून बघितलं आणि परत आत गेले.

बुधवारी सकाळी आई दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढत होती. सडा घातलेल्या जमिनीवर ती पांढरी पूड चिमटीतून सोडत होती, आणि जिथं पाणी अजून मुरलं नव्हतं तिथं पांढरी रेघ पडताक्षणी करडी होत होती. मी पायरीवर उभी राहून बघत राहिले. ओलं कुठे आहे ते पूड सांगत होती.

ही गोष्ट भाईंना सांगायची म्हणून मी गॅरेजपर्यंत चालत गेले आणि ते हसतील या भीतीनं वाटेत तमिळमधलं साधं वाक्यही तीनदा मनात जुळवलं. तरी तिथं पोचल्यावर म्हणाले एवढंच, "कोलमाची पूड लावली तर?"

भाईंनी पाना खाली ठेवला. त्यांना हसायला येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "घरून निघून परत किती वाजता येता?"

"चारला."

"चारला मी तुमच्या ओट्यावर असेन. पूड तयार ठेव."

गुरुवारी आम्ही ओरत्तनाडूला गेलो. गाडी कदाचित जाणार हे अप्पांनी आत्याला सांगितलं नाही. निघताना तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारी कढीपत्ता आणू नको गे. परसात फुटलाय." अप्पा म्हणाले, "होय, अक्का." मी चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली नाही आणि मला तेव्हा रडू येत होतं म्हणून बरंच वाटलं, कारण अप्पांना वाटलं असतं की मी गाडीवर चिडले आहे.

चार वाजता भाई ओट्यावर होते. गाडी आम्ही शेडपासून लांब, गल्लीतच ठेवली. आईनं स्टोव्ह पेटवलेला नाही हे दोनदा सांगितलं आणि वाळूनं भरलेली बादली घेऊन दारात उभी राहिली. भाईंनी कार्ब्युरेटर कोरड्या फडक्यानं पुसला, पूड आत जाऊ नये म्हणून त्याचं तोंड कापडानं झाकलं आणि मला म्हणाले, "लाव."

नारळाच्या करवंटीतून चिमूट घेऊन मी सगळीकडे पूड सोडली. डबा पांढरा झाला. मधोमध माझा टिळा, अजून तसाच पिवळा.

आम्ही बॉनेटभोवती बसून राहिलो. भाई म्हणाले, "चाळीस वर्षांत गाडीला पावडर लावून बसवली नव्हती. मुलगी बघायला आल्यासारखे बसलोय सगळे."

"मुलगी काही बोलत नाही, तेही तसंच," आई दारातून म्हणाली. मराठीतच, पण भाईंना कळलं असावं. ते माझ्याकडे बघून हसले.

पाच मिनिटं काही झालं नाही. मग भाई पुढे वाकले. त्यांचा संशय सुईच्या झडपेच्या बाजूवर होता. तिथली पूड पांढरीच होती. खालचा नट पांढरा. पेट्रोलच्या नळीचा जोड पांढरा. पण झाकण आणि डबा जिथं मिळतात तिथं, गॅस्केटच्या रेषेवर, एक करडी रेघ उमटत होती. एका जागी नाही, चहूबाजूंनी एकदम. आणि तिच्यात बारीक बुडबुडे फुटत होते.

"गळत नाही हे, सार," भाई सावकाश म्हणाले. "आतून कोणीतरी ढकलतंय."

त्यांनी अप्पांना समजावून सांगितलं. चालून आलेली गाडी थांबवली की इंजिनाची उष्णता वर चढते आणि डब्यातल्या पेट्रोलची वाफ होते. ती वाफ निघून जायला एक भोक ठेवलेलं असतं. ते बंद असलं तर वाफ पेट्रोललाच बाहेर दाबते, मिळेल त्या फटीतून. म्हणून गाडी गरम असताना सुरू होत नाही. म्हणून त्यांच्या गॅरेजमध्ये, चालू गाडीत आणि थंड गाडीत, काहीच दिसलं नाही.

"भोक कुठे असतं?" अप्पांनी विचारलं.

"या जातीला झाकणावरच. इथं कुठेतरी..." भाईंचं बोट पांढऱ्या झाकणावरून सरकत गेलं, टिळ्याशी पोचलं आणि थांबलं. मग त्यांनी बोट उचलून घेतलं. त्यांनी टिळ्याकडे बघितलं, अप्पांच्या कापणाऱ्या हाताकडे बघितलं. त्या वर्षी टिळे मी लावले हे त्यांना माहीत नव्हतं. "बुजलं असेल कुठेतरी," ते घाईनं म्हणाले. "नेऊन उघडून बघतो. दोन दिवस लागतील."

त्यांना कळलं होतं. अप्पांना वाईट वाटू नये म्हणून ते गाडी नेणार होते, आणि एकटे असताना काय ते करणार होते. पण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

मी गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. गप्प राहणं मला चांगलं येत होतं. मी अप्पांकडे न बघता, गाडी चालवताना बघते तसं समोर बघून, मराठीत म्हणाले, "अप्पा, भोक माझ्या टिळ्याखाली आहे. चंदनात मी तांदळाचं पीठ घातलं होतं. पडू नये म्हणून."

समोरच्या ओट्यावरची माणसंही पाय वर घेऊन ऐकत होती.

"पीठ घातलीस?" अप्पा म्हणाले. "म्हणून पडलं नाही होय! माझं इतक्या वर्षांत एकदाही आठवडाभर टिकलं नाही."

"चार उडीद घातले असते तर दोसा झाला असता," आई म्हणाली.

मग अप्पा हसले. मी त्यांचं तसं हसणं खूप दिवसांनी ऐकलं, आणि त्यात मला कुठेही राग शोधून सापडला नाही. मी शोधला होता. त्यांनी भाईंना तमिळमध्ये सगळं सांगितलं. भाईंनी कपाळाला हात लावला. "दोनदा पुसलं मी! दोनदा! टिळा सोडून सगळं पुसलं." ते हसत होते आणि थोडे रागावलेलेही होते, स्वतःवर. मग ते मागे सरले. "आता तूच काढ, पाप्पा. पूजेचं आहे."

आईनं न सांगता स्टोव्हची पिन आणून दिली, बर्नरचं बारीक भोक मोकळं करायची. मी पाण्यात बुडवलेल्या बोटानं टिळा भिजवला, कुंकू पुसलं, मग चंदन. खाली खरंच गोल भोक होतं, डाळीच्या दाण्याएवढं, घट्ट लिंपलेलं. पिन फिरवून फिरवून पिठाचे कण मी बाहेर काढले. शेवटचा कण निघाला तसा एक बारीक सुस्कारा आला. मी बोट धरलं तर त्यावर थंड, पेट्रोलच्या वासाचा श्वास लागला. गॅस्केटवरचे बुडबुडे थांबले.

भाईंनी सगळं पुन्हा पुसलं. मी गाडी मोठ्या देवळापर्यंत दोनदा नेऊन आणली, चांगली तापेपर्यंत. परत पूड लावली, या वेळी भोक सोडून. परत बसलो. पाच मिनिटं, दहा, पंधरा. गाडीपेक्षा मी अप्पांच्या हाताकडेच जास्त बघत होते. पूड पांढरी राहिली.

शेवटी आईनं वाळूची बादली खाली ठेवली. ती आली, गॅस्केटच्या रेषेवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, दुसऱ्या बाजूनं फिरवलं, परत वास घेतला. मग म्हणाली, "शेडमध्ये घाला." आणि भाईंसाठी कॉफी करायला आत गेली. काडी ओढल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

शुक्रवारी हॉटेलवाले स्वतःच लॉरीबरोबर आले. अप्पांनी त्यांना बॉनेट उघडून दाखवलं, अजून पांढरा असलेला डबा दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "एका टिळ्यानं गाडी मिळाली असती, आणि टिळा काढल्यानं गेली." कॉफी पिऊन रिकामी लॉरी घेऊन ते परत गेले. पुढच्या गुरुवारी आम्ही आत्याकडे गेलो, कढीपत्ता न घेता.

भाईंनी त्या दिवशी स्वतःवर घ्यायचं ठरवलेलं ते मौन, आईची करवंटी, अप्पांचं हसणं, यांतल्या कशाबद्दलही मी तेव्हा आभार मानले नाहीत. मला शब्द येत नव्हते हे एक कारण. दुसरं, आमच्याकडे घरच्या माणसांचे आणि भाईंचे आभार मानायची पद्धत नव्हती. म्हणून इथं लिहिते.

पुढच्या आयुधपूजेला मी मागेच उभी राहिले. या वेळी टिळे कोणी दुसरं लावील असं मी धरून चालले होते. अप्पांनी चंदनाची वाटी माझ्याच हातात दिली. बॉनेट उघडलं, खराट्यातला एक हीर मोडून घेतला आणि कार्ब्युरेटरच्या झाकणावरच्या भोकात उभा केला. त्यांचा हात कापत होता, त्यामुळे हीर भोकात जायला वेळ लागला. मी मदत केली नाही. तो नीट बसल्यावर ते मागे झाले.

"लाव आता," ते म्हणाले. "आणि पीठ घाल. टिकायला पाहिजे."

मी हिराभोवती टिळा लावला, वर कुंकू टेकवलं, आणि वाळल्यावर हीर अलगद उपसून घेतला.